समुद्रकाठचा उन्हाळा कॅनव्हासवर: कलर फील्ड पेंटिंग पहिल्यांदाच करताय त्यांच्यासाठी

माझ्या पहिल्या कॅनव्हासवर वर निळं होतं, मध्ये हिरवट निळं, खाली पिवळं, आणि ज्यांनी ज्यांनी बघितलं ते सगळे म्हणाले, "अरे वा, बीच काढलास!" मला बीच काढायचाच नव्हता. मला ती दुपार हवी होती, जिच्यात डोळे बारीक करून चालावं लागतं, पायाखाली वाळू भाजते, अंगावर मीठ सुकलेलं असतं आणि समोरचं पाणी इतकं चकाकतं की त्याला नक्की रंग कुठला तेच कळत नाही. त्यानंतर चार कॅनव्हास वाया गेल्यावर एक गोष्ट डोक्यात शिरली, ती पहिल्याच दिवशी कुणी सांगितली असती तर किती रंग वाचला असता, म्हणून आधी तीच सांगते: उन्हाळा निळ्यात सापडत नाही, फिकटपणात सापडतो. भर दुपारी समुद्राकाठी सगळे रंग विटल्यासारखे होतात, आकाश क्षितिजाकडे पांढुरकं होत जातं, वाळू जवळजवळ पांढरी दिसते, आणि आपण घरी येऊन ट्यूबमधला सगळ्यात भडक निळा न् सगळ्यात भडक पिवळा उचलतो. तिथेच चुकतं.

ज्यांनी ऍक्रिलिक थोडंफार वापरलंय पण ऍब्स्ट्रॅक्टला हात लावायला घाबरतात त्यांच्यासाठी हे लिहितेय.

१. कलर फील्ड म्हणजे काय, पटकन

कॅनव्हासवर रंगाची मोठमोठी क्षेत्रं, वस्तू नाही, गोष्ट नाही, सावली देऊन उठाव आणलेला नाही. जे काही बोलायचं ते रंगानं, त्याच्या आकारमानानं आणि दोन रंग जिथे भेटतात त्या कडेनं बोलायचं. हे १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वाढलं, मार्क रोथको, बार्नेट न्यूमन, क्लिफर्ड स्टिल ही त्यातली मोठी नावं.

आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं नाव हेलन फ्रँकेनथेलर. १९५२ मध्ये, वय २३, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरून परत आल्यावर तिनं गेसो (रंगाआधी कॅनव्हासला देतात तो पांढरा अस्तर-थर) न लावलेला कॅनव्हास जमिनीवर पसरला आणि पातळ केलेला ऑइल रंग त्याच्यावर ओतून कापडात मुरू दिला. त्या चित्राचं नाव 'माउंटन्स अँड सी', जवळपास सात फूट बाय दहा फूट. त्यात डोंगर शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही, पण खारी हवा आणि उजेड मात्र लगेच जाणवतो. पुढच्या वर्षी मॉरिस लुईस आणि केनेथ नोलंड हे दोन चित्रकार ते बघायला तिच्या स्टुडिओत गेले आणि दोघांचीही कामाची पद्धत बदलली. आपल्याकडचं बघायचं असेल तर वासुदेव गायतोंडे बघा. ते ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफनं थर चढवायचे आणि खरवडायचे, आणि त्या थरांतून उजेड आतून येतोय असं वाटतं.

२. आधी रंग टिपा, चित्र नंतर

ही पायरी बहुतेक जण गाळतात, मी पण गाळली होती.

समुद्राकाठी जायला मिळत असेल तर एक राखाडी जाड कागद घ्या, त्याला मध्ये नखाएवढं भोक पाडा आणि त्या भोकातून एकेक जागा बघा. फक्त तेवढाच तुकडा दिसला की डोक्यातलं 'पाणी म्हणजे निळं' हे गळून पडतं आणि खरा रंग समोर येतो, आणि तो बऱ्याचदा धक्का देतो. काठाजवळचं उथळ पाणी खालच्या वाळूमुळे हिरवट पिवळं, लांबचं पाणी वेगळं, क्षितिजाजवळचं आकाश जवळजवळ दुधी. ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा कितीतरी गडद. आणि वाळूवरची सावली काळी नाहीच, तिच्यावर थेट ऊन नसतं, फक्त आकाशाचा उजेड असतो, म्हणून ती निळसर जांभळी दिसते.

तिथेच वॉटरकलरचे छोटे ठिपके वहीत मारा, शेजारी वेळ लिहा. सकाळ, भर दुपार, संध्याकाळ असे तीन वेळचे ठिपके मिळाले तर उत्तम.

सापळा: फोनचा फोटो. फोन आकाश जास्त निळं करतो, उजळ भाग पांढरा करून टाकतो आणि सावल्या काळ्या. त्यावरून रंग उचलले की चित्र पोस्टकार्डाच्या वळणावर जातं. फोटो आठवणीला ठेवा, रंगाला नको.

समुद्र जवळ नसेल तरी बिघडत नाही. डोळे मिटून पाच गोष्टी लिहा, पण वस्तू लिहायच्या नाहीत, अंगाला काय जाणवलं ते लिहायचं. माझ्या वहीत होतं: दिपणं, चटका, पाय बुडल्यावरचा गारवा, कानात वारा, दुपारचा सुस्तपणा. हे पाच शब्द पुढे पाच रंग होतात. 'दिपणं' हे सगळ्यात मोठं क्षेत्र झालं आणि 'गारवा' अगदी लहान तुकडा, कारण त्या दिवसात तो तेवढाच मिळतो ना.

३. सामान

– कॅनव्हास, पहिल्यासाठी २४ बाय ३० इंच. लहान घेतलात तर रंगाचं क्षेत्र होतच नाही, पॅच होतो
– पोस्टकार्डाएवढे जाड कागद, १० ते १२
– ऍक्रिलिक: टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब), अल्ट्रामरीन ब्लू, थॅलो ब्लू किंवा थॅलो टर्कॉइज, यलो ऑकर, क्विनॅक्रिडोन रोज किंवा मजेंटा, बर्न्ट सिएना, एखादा हलका पिवळा
– मॅट मीडियम (ऍक्रिलिक पातळ करायचा, चमक नसलेला बिनरंगी द्रव) आणि जमलं तर रिटार्डर (रंग हळू वाळावा म्हणून घालायचा)
– दोन ते तीन इंची चपटे ब्रश दोन, एक फोमचा रोलर, एक पॅलेट नाइफ, स्पंज, जुनी सुती फडकी
– मास्किंग टेप
– पाण्याची स्प्रे बाटली
– घट्ट झाकणाच्या डब्या, निदान सहा
– जमिनीवर अंथरायला प्लॅस्टिक

विद्यार्थ्यांच्या दर्जाचे रंग सरावाला ठीक आहेत, पण त्यांत पिगमेंट (रंग देणारी पूड) कमी असतं, म्हणून पातळ थर दिले की लवकर निस्तेज दिसतात. सगळे महाग घ्यायची गरज नाही, निळे दोन आणि तो क्विनॅक्रिडोन रोज (पुढे नुसतं 'रोज' म्हणते तो हाच गुलाबी) चांगल्या दर्जाचे घ्या, बाकी चालतं.

ट्यूबवर टिकाऊपणाची खूण बघायची. उजेडात न उडणारे रंग 'लाइटफास्टनेस १' किंवा '२' असे दिलेले असतात. फ्लोरोसंट गुलाबी, फ्लोरोसंट नारिंगी खूप खुणावतात, उन्हाळ्याच्या चित्राला तर जास्तच, पण ते टिकत नाहीत. रोथकोनं हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली भित्तिचित्रं १९६४ मध्ये मोठ्या खिडक्यांच्या जेवणघरात लावली गेली, त्यातल्या गडद लालमध्ये लिथॉल रेड नावाचा कच्चा रंग होता, तो उन्हानं इतका उडाला की शेवटी १९७९ मध्ये चित्रं उतरवून ठेवावी लागली. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे झालं तर आपण खूण वाचायचा कंटाळा करू नये.

४. डब्यांत रंग तयार करा

कलर फील्डमध्ये रंग कॅनव्हासवर मिसळत बसायचं नाही, डबीत आधी तयार करायचा. माझे पाच असे ठरलेत, तुम्ही तुमच्या ठिपक्यांवरून बदला.

तापलेला पांढरा: टायटॅनियम व्हाइट, त्यात कणभर ऑकर आणि ब्रशच्या टोकाला लागेल एवढा रोज. नुसता ट्यूबमधला पांढरा थंड लागतो, त्याच्यात ऊन नाही.

धुरकट निळा: पांढरा, अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सिएना. सिएना निळ्याचा भडकपणा मारतो. लांबचं पाणी आणि खालचं आकाश दोन्ही यातनं निघतात.

उथळ पाणी: पांढरा, थॅलो टर्कॉइज, थेंबभर पिवळा. थॅलो कुठलाही असो, फार जोरकस असतो, म्हणून नेहमी पांढऱ्यात थॅलो घालायचा, थॅलोत पांढरा नाही. उलटं केलंत तर अख्खी ट्यूब ओतली तरी रंग हलका होत नाही, अनुभवाचे बोल.

ओली वाळू: ऑकर, सिएना, थोडं अल्ट्रामरीन.

सावलीचा जांभळा: अल्ट्रामरीन, रोज, भरपूर पांढरा आणि चिमूटभर ऑकर.

प्रत्येक रंग लागेल वाटतं त्याच्या दुप्पट करा. अर्ध्यात संपला तर तोच रंग पुन्हा जमत नाही, जमला असं वाटतं, पण वाळल्यावर जोड दिसतो.

आणि हो, ऍक्रिलिक वाळल्यावर गडद होतं. त्यातला बाइंडर (रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट द्रव) ओला असताना दुधाळ असतो आणि वाळला की पारदर्शक होतो, म्हणून डबीत दिसतो तो रंग खरा नाही. प्रत्येक रंगाची पट्टी कागदावर ओढा, पूर्ण वाळू द्या, मगच 'हा बरोबर आहे' म्हणा. फिकट रंगांत फरक कमी पडतो, गडद रंगांत चांगलाच.

५. छोटे कच्चे नमुने, आणि क्षितिजाचा सापळा

पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर तेच पाच रंग घेऊन सहा-आठ नमुने करा. रंग बदलू नका, फक्त कुणाला किती जागा ते बदला. एकात तापलेला पांढरा तीन चतुर्थांश, एकात उथळ पाणी कडेला बोटभर, एकात ओली वाळू सगळ्यात वर. हे करताना जे कळतं ते वाचून कळत नाही, त्याच निळ्याला मोठी जागा दिली की गारवा वाटतो आणि लहान दिली की तहान वाटते.

आता सापळा. आपला डोळा आडवी रेघ दिसली की तिला क्षितिज म्हणतो, वर निळं असलं तर आकाश, खाली पिवळसर असलं तर वाळू, झालं, निसर्गचित्र तयार. यातून सुटायला काय करता येतं:

नमुना उलटा करा. उलटा केल्यावर जास्त बरा वाटला तर तसाच घ्या. किंवा कॅनव्हास उभा धरा आणि क्षेत्रं पण उभी करा. किंवा वाळूचा रंग वर आणि पाण्याचा एका बाजूनं आत घुसलेला. किंवा रेघ पूर्ण आरपार नेऊच नका, मध्येच विरू द्या. अमेरिकन चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्नची 'ओशन पार्क' मालिका बघा, १९६७ पासून सुरू केलेली, शंभराहून जास्त चित्रं, नाव कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहरातल्या समुद्राजवळच्या वस्तीचं. लाट एकही नाही, पण किनाऱ्यावरचा धुवट उजेड सगळीकडे आहे.

थोडंसं क्षितिज राहिलं तर गुन्हा नाही. फक्त ते तुम्ही ठेवलंय असं व्हावं, नकळत आलंय असं नको.

६. गेसो लावायचा की कापड कोरं ठेवायचं

दोन रस्ते आहेत आणि सुरुवातीलाच ठरवायला लागतं.

गेसो लावलेला कॅनव्हास: रंग वर बसतो, चुकलं तर झाकता येतं, कडा नीट मिळतात. पहिल्यांदा करणाऱ्यांनी हाच घ्यावा. दुकानातला तयार कॅनव्हास बहुतेक वेळा प्राइम केलेलाच (अस्तर दिलेलाच) असतो, तरी गेसोचा एक हात अजून द्या. इथे पातळ करायला नुसतं पाणी घालत राहू नका, निम्म्याहून जास्त पाणी झालं की बाइंडर कमी पडतो आणि वरचा थर देताना खालचा सुटून येऊ शकतो. मॅट मीडियम घालून पातळ करा.

कोरं कापड: फ्रँकेनथेलरची पद्धत, रंग धाग्यांत मुरतो, वॉटरकलरच्या पातळ हातासारख्या मऊ कडा येतात, भिजल्या वाळूसारखं काहीतरी दिसतं जे ब्रशनं कधीच येत नाही. कापड आडवं पसरा, खाली प्लॅस्टिक, आधी पाणी फवारून ओलसर करा, मग पातळ रंग ओता आणि स्पंजनं ढकला. इथे पाणी भरपूर चालतं कारण कापडच रंग धरतं. पण डाग पडला तो पडला, पुसता येत नाही. आणि कोऱ्या कापडावर ऑइल नको, तेलानं कापड कालांतराने कुजतं, तिच्या त्या सुरुवातीच्या चित्रांत रंगाभोवती तेलाची पिवळसर वलयं दिसतात ती त्यामुळेच. ती स्वतः पुढे १९६० च्या दशकात ऍक्रिलिककडे वळली.

७. थर

पहिला थर सगळ्या कॅनव्हासभर उबदार द्या, ऑकर आणि रोजचा पातळ हात. हा नंतर जवळजवळ दिसत नाही, पण त्याच्यावर धुरकट निळा पातळ चढवला की निळ्याच्या आतून उष्णता येते, आणि तेच तर हवंय. थेट पांढऱ्या गेसोवर निळा दिला तर तो बाथरूमच्या टाइलसारखा थंड बसतो.

मग क्षेत्रं. जाड एका हातात भरून टाकण्यापेक्षा पातळ चार-पाच हात द्या, प्रत्येक हात वेगळ्या दिशेनं, एक आडवा, एक तिरका, एक फडक्यानं पुसत. क्षेत्र लांबून सपाट दिसायला पाहिजे आणि जवळून जिवंत. रोलर फक्त मधल्या थरांना वापरा, शेवटचा हात रोलरचा असला की भिंत रंगवल्यासारखं दिसतं.

सापळा, आणि यात सगळे अडकतात: अर्धवट वाळलेल्या रंगाला हात लावणं. कडेला फिकट डाग दिसतो, वाटतं जरा सारखं करू, ब्रश लावला की पापुद्रा उचलला जातो आणि रंग मळतो. एकतर पूर्ण ओला असताना करा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. पातळ थर अर्ध्या तासात वाळतो, उकाड्यात आणि पंख्याखाली त्याच्या आधीच, म्हणून काम चालू असताना पंखा बंद, स्प्रे हाताशी.

८. कडा (इथे घाई करू नका)

माझ्या मते पेंटिंग कडेवर ठरतं. रंग बरोबर असून कडा मेलेल्या असतील तर सगळं कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

मऊ कड: दोन्ही रंग ओले असताना त्यांच्या मधून स्वच्छ, किंचित ओला ब्रश एकदाच फिरवा. एकदाच. दुसऱ्यांदा फिरवला की मधला तिसरा पट्टा तयार होतो.

विरणारी कड: जवळजवळ कोरडा ब्रश, टोकाला थोडासा रंग, कॅनव्हासच्या पोतावर घासत न्यायचा. पाणी ओसरताना वाळूवर जी अनिश्चित रेघ राहते ती यातून येते.

धारदार कड: मास्किंग टेप. नुसता टेप लावून रंगवलंत तर खालून रंग झिरपतो आणि रेघ फाटते. टेप लावल्यावर त्याच्या कडेवरून आधी मॅट मीडियमचा एक हात द्या, तो झिरपून फटी बुजवतो, वाळला की वरून रंग द्या, आणि रंग ओलसर असतानाच टेप तिरका ओढून काढा. बार्नेट न्यूमननं १९४८ च्या 'वनमेंट वन' मध्ये टेपच्या पट्टीवरच रंग दिला आणि टेप तसाच राहू दिला, त्याची ती प्रसिद्ध उभी रेघ तिथून आली. आपल्या चित्रात अशी धारदार कड एखादीच ठेवा, ती चटक्यासारखी लागते, चार ठेवल्या की चटका संपतो.

आणि लखलखणारी कड, ही माझी सगळ्यात लाडकी. दोन रंग वेगळे पण दोघांचा उजळपणा अगदी सारखा असेल, म्हणजे फिकट नारिंगी आणि फिकट निळा समजा, तर त्यांची कड डोळ्याला स्थिर धरता येत नाही, ती हलतेय असं वाटतं. पाण्यावरची चकाकी पांढरे ठिपके न काढता दाखवायचा यापेक्षा चांगला उपाय मला सापडला नाही. तपासायला फोननं फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा, कड करड्यात जवळपास गायब झाली तर जमलं. नाही झाली तर जो गडद आहे त्यात थोडा तापलेला पांढरा घालून परत एक हात. मला तिसऱ्या-चौथ्या हाताला जमतं, एका फटक्यात कधीच नाही.

९. बघत बसा

हे पण काम आहे. चित्र भिंतीला टेकवा, दहा पावलं मागे या, बसा. दिवसाच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली रंगाचा निर्णय घेऊ नका, सकाळी पश्चात्ताप होतो.

एखादा रंग चुकीचा वाटला तर लगेच त्यालाच बदलू नका, आधी शेजारचा बघा. शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८३९ मध्येच सविस्तर मांडलंय की शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात. नारिंगीशेजारी करडा निळसर दिसतो, तोच करडा निळ्याशेजारी उबदार. म्हणजे उथळ पाणी फिकं पडलं असेल तर पाण्यात निळा ओतण्याआधी बाजूची वाळू जरा लालसर करून बघा. कॅनव्हासवर थेट प्रयोग नको, पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर तो रंग लावा, वाळवा आणि चित्रावर ठेवून बघा.

थांबायचं कधी? मी एकच बघते, पुढचा हात कशासाठी देतेय हे एका वाक्यात सांगता येतंय का. 'पांढरा डावीकडे थंड पडलाय' असं सांगता आलं तर देते. 'काहीतरी कमी आहे' एवढंच म्हणता येत असेल तर ब्रश धुवून ठेवते आणि दोन दिवस त्या खोलीत जात नाही. दोन कॅनव्हास याच 'काहीतरी'पायी घालवलेत, दोन्हींवर शेवटी एक पक्षी आणि एक होडी आली होती. पक्षी किंवा होडी काढावीशी वाटली की समजा रंगांवरचा विश्वास डळमळलाय, मागे जा आणि कच्चे नमुने परत बघा.

१०. शेवटची कामं

व्हार्निश लगेच नको, निदान दोन आठवडे वाळू द्या, थर जाड असतील तर आणखी. ग्लॉस व्हार्निशनं गडद रंग खोल होतात पण खिडकीचं प्रतिबिंब पडतं, मॅटनं प्रतिबिंब जातं पण गडद रंग जरासे फिके दिसतात. या विषयाला मी मॅट किंवा साटिन (दोन्हींच्या मधलं) घेते, फिकटपणा आपल्याला हवाच आहे. आधी एका कच्च्या नमुन्यावर लावून बघा. कोऱ्या कापडावर मुरवलेलं असेल तर व्हार्निशनं कापडाचा पोत आणि रंग दोन्ही बदलतात, मी तसंच सोडते, फक्त धूळ आणि थेट ऊन यापासून लांब.

कॅनव्हासच्या बाजू रंगवायच्या राहतात, त्या आत्ताच करा. मागच्या बाजूला वर-खालीचा बाण काढा, ऍब्स्ट्रॅक्टमध्ये लोक खरंच उलटं टांगतात. आणि बाणाखाली तारीख आणि पाचही रंगांची मिश्रणं लिहून ठेवा, उरलेल्या डब्यांना तेच नंबर द्या, कारण दुसरा कॅनव्हास तुम्ही महिन्याभरात काढणार आहात आणि तेव्हा तो तापलेला पांढरा कसा केला होता ते आठवणार नाही.